ठोकळ्यातलं भोक

शुक्रवार, २० एप्रिल १९५१

ऑर्व्हिल स्कारची रायफल दिली एकदाची! तीन आठवडे डोकं खाल्लं माणसाने. रोज फोन — "लायल, झाली का रे? वुडचकांनी बिळं करून कुरणाची चाळण केलीय. परवा गाईचा पाय अडकला!"

त्याच्या आजोबांची रायफल. दांडा ओढला की नळीचं बूड बंद करणारा लोखंडी ठोकळा खाली, एक काडतूस घाला, दांडा वर, एक गोळी झाडा. जुन्या काळ्या दारूसाठी केलेली. ती काडतुसं आता शोधूनही सापडत नाहीत, सापडली तरी सशाएवढा वुडचक लांबून काही पडत नाही. म्हणून सगळ्या शेजाऱ्यांसारखी ऑर्व्हिललाही बावीस बोअरची नवी बारीक नळी हवी, नवं वेगवान काडतूस हवं. नळी झकास झाली. उगाच नम्रपणा कशाला!

राहिलं ते एकच — ठोकळ्यातलं भोक, ज्यातून पिन येऊन काडतुसाच्या बुडावर आपटते ते. जुनी पिन जाडजूड, भोक ऐसपैस. नव्या दारूचा जोर भलता, तिच्यापुढे ते चालत नाही. जुनं भोक बुजवायचं, नवं बारीक पाडायचं, बारीक पिन बसवायची. हे काम बाबांचं. म्हणजे, होतं. गेल्या हिवाळ्यापासून त्यांचे हात थरथरतात, तेव्हापासून मीच करतो. गावाला ते माहीत नाही. गाव अजून म्हणतं — नळी लायलची, ठोकळा एनोकचा.

दोन तासांचं काम. पण चार वाजलेले, सहाला बोलिंगची फायनल, आणि ऑर्व्हिल दारात उभा. मागच्या मातीच्या ढिगात तीन गोळ्या झाडून बघितल्या, तिन्ही व्यवस्थित. म्हटलं, पुढच्या आठवड्यात काहीतरी निमित्त काढून परत मागवू आणि करून टाकू.

जाताना त्याने विचारलं, "एनोकने ठोकळा बघितलाय ना?"

मी म्हटलं, "हो हो, बघितलाय."

फायनल जिंकलो! शेवटचा स्ट्राइक माझा! ओरडून ओरडून माझ्या बायकोचा, व्हर्नाचा, घसा बसला.

रविवार, २२ एप्रिल

काल दुपारी रायफल ऑर्व्हिलच्या तोंडावर उडाली.

चर्चच्या तळघरात कॉफी पिताना कळलं. नववी का दहावी गोळी. काडतुसाच्या बुडाची टोपी फुटली आणि सगळा जाळ भोकातून उलटा मागे आला. चष्म्याच्या काचेसकट उजव्या डोळ्यात. त्याची बायको इर्मा बिचारी कपडे वाळत घालत होती, ती धावत गेली तर हा कुरणात गुडघ्यावर, तोंड हातांत धरून. ला क्रॉसच्या हॉस्पिटलात नेलंय.

बाबांच्या हातातला कप बशीत खडखडायला लागला. पाद्रीसाहेबांनी तो काढून घेतला. मी केकचा तुकडा खात होतो. तो मी संपवला. का संपवला, कुणास ठाऊक!

सोमवार, २३ एप्रिल

ऑर्व्हिलच्या भावाने रायफल आणून टेबलावर ठेवली. तसाच गाडीत बसून गेला.

मी म्हटलं, "बाबा, राहू द्या, मी बघतो." ऐकतील तर शपथ! स्वतः उघडली. पाच मिनिटांचं काम, वीस मिनिटं लागली त्यांना. ठोकळा उजेडात धरला, भिंग लावलं, बराच वेळ बघत बसले. मला वाटलं, आता मान वर करतील आणि म्हणतील, लायल, हे काय आहे? वाटच बघत होतो.

मान वर केली. म्हणाले, "हे भोक जुनंच आहे. मी तसंच सोडलं?"

मी फडकं घेऊन टेबल पुसायला लागलो.

"लायल, ठोकळा मीच केला ना? मला काही आठवत नाही रे."

मी म्हटलं, "मलाही नीट आठवत नाही, बाबा."

असं म्हटलं! या तोंडाने! परवा त्यांनी कॉफीचं भांडं कानशींच्या खणात ठेवलं तेव्हा मीच हसून सगळ्यांना सांगितलं होतं. ते विसरतात हे मला पक्कं माहीत. त्याचाच फायदा घेतला. नीच माणूस आहे मी. हे इथे तरी लिहायला हवं.

बुधवार, २५ एप्रिल

डोळा काढला.

शुक्रवार, २७ एप्रिल

दळणाच्या गिरणीत गेलो होतो. पाच-सहा जण ताटकळत बसलेले, मी शिरताच सगळे चिडीचूप. मग गिरणीवाला क्लॅरेन्स खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "म्हाताऱ्याचे हात गेले रे. आम्हाला दिसत होतं ना सगळं. तू तरी लक्ष ठेवायचंस."

मी मान डोलावली.

कुणीतरी मागून म्हणालं, "त्याला का बोलतोस? बापाच्या हातातून हत्यार काढून घेणं सोपं असतं होय?"

त्यालाही मान डोलावली. डोलावायचं तेवढं मस्त जमतंय मला.

रविवार, २९ एप्रिल

बाबांना हॉस्पिटलात घेऊन गेलो. त्यांचाच हट्ट. लग्नाबिग्नाला घालायचा कोट घातला होता. पन्नास मैल खिडकीबाहेर बघत होते. एकदाच म्हणाले, "अडतीस वर्षांत एक रायफल परत आली नव्हती."

ऑर्व्हिलचं अर्धं तोंड पट्टीत. तरी म्हाताऱ्याला बघून उठायला लागला. "अरे एनोक! बस बस. हॅट काढून उभा काय राहतोस, मी काय गव्हर्नर आहे?"

बाबा बसले नाहीत. हॅट दोन्ही हातांत धरून म्हणाले, "ऑर्व्हिल, तुझा डोळा माझ्यामुळे गेला. भोक बुजवायचं मी विसरलो." आणि रडले. उभ्या उभ्या, लहान पोरासारखे. आई गेली तेव्हासुद्धा रडले नव्हते.

ऑर्व्हिल म्हणाला, "असू दे रे. होतं असं. मी पोराला विचारलंही होतं, एनोकने बघितलाय ना? तो म्हणाला, हो."

बाबा माझ्याकडे वळले. मी खिडकीपाशी होतो. आता! आताच बोल, गाढवा! मी खिडकीचा पडदा नीट करत राहिलो. बाबा क्षणभर माझ्याकडे बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "मग बघितलाच असणार मी."

इर्मा माझ्यासाठी कॉफी घेऊन आली. माझ्यासाठी!

बुधवार, २ मे

बाबांनी कानशी तेलकट कागदात गुंडाळल्या. एकेक करून. सहा रायफली कामाला आलेल्या होत्या. स्वतः फोन करून मालकांना घेऊन जायला सांगितलं. "माझ्यावर भरवसा ठेवू नका," असं प्रत्येकाला. मी शेजारी उभा राहून ऐकलं. सहाही वेळा.

गुरुवार, ३ मे

व्हर्ना भांडी घासता घासता म्हणाली, "बाबा तीन दिवस धड जेवले नाहीत. सूपसुद्धा तसंच." मग ताट निथळत ठेवून — "त्या शुक्रवारी तू चारलाच कुलूप लावलंस ना रे? मी गाडीत वाट बघत होते."

मी तिच्यावर ओरडलो. इतका ओरडलो की कुत्रा टेबलाखाली गेला. "तुला काय कळतं त्यातलं?" वगैरे वगैरे.

तिने हातातलं भांडं तसंच ठेवलं. हात पुसले आणि वर निघून गेली. तिला कळलंय. अकरा वर्षं झाली लग्नाला, न कळायला काय झालं?

शनिवार, ५ मे

सांगितलं! बाबांना सांगितलं!

सकाळी न्याहारीला. व्हर्ना मुद्दाम कोंबड्यांकडे गेली. मी बसलोच नाही, उभ्यानेच बोललो. सगळं. ठोकळा तुमच्याकडे आलाच नव्हता. हिवाळ्यापासून एकही आला नाही, सगळे मी केले, हा मी केलाच नाही. बोलिंगला जायचं होतं. ऑर्व्हिलशी खोटं बोललो, तुमच्याशी खोटं बोललो. एका दमात सांगितलं आणि आता कानाखाली बसेल म्हणून थांबलो. खरंच, बसावी असं वाटत होतं.

बाबांनी चमचा खाली ठेवला. डोळे भरून आले. उठले, माझ्यापाशी आले आणि थरथरत्या हाताने माझा गाल थोपटला.

"तुझी आई हवी होती आज," म्हणाले. "पण नको रे, लायल. माझं पाप तू नको अंगावर घेऊस. तुला पुढे चाळीस वर्षं काढायचीत या गावात."

"बाबा, मी खरं सांगतोय!"

"तुला कधी खोटं बोलता आलं नाही. लहानपणीसुद्धा लगेच कान लाल व्हायचे. बघ, आत्ताही झालेत."

पुन्हा सांगितलं. ठोकळा आणून दाखवला. त्यांनी तो हातातून घेतला, फडक्यात गुंडाळला. "पुरे," म्हणाले. मग बसले आणि पाव खाल्ला. दोन अंडी खाल्ली. आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवले! मी समोर बसून बघत राहिलो. त्यांच्या तोंडचा घास काढून घेऊ?

सोमवार, ७ मे

बाबांनी इर्माला फोन केला. "आमचा लायल सगळं स्वतःवर घ्यायला निघालाय, त्याचं ऐकू नका," म्हणून. आमच्या तारेवर अकरा घरं. फोन वाजला की अकराही घरी रिसीव्हर उचलला जातो. दुपारपर्यंत हे न कळलेला खोऱ्यात एक माणूस उरला नाही!

गिरणीत क्लॅरेन्सने कॉफीचे पैसे घेतले नाहीत. मी म्हटलं, "क्लॅरेन्स, ऐक, तो ठोकळा मीच सोडला होता."

"हो हो, तूच सोडलास," म्हणाला, आणि बाकीच्यांना डोळा मारला. सगळे माझ्याकडे असे बघत होते — जसं काही मी पुरातून कुणाला ओढून काढलंय! एक म्हातारी म्हणाली, माझ्या पोरांना सांगते, शिका जरा एनोकच्या लायलकडून.

जास्त बोललो तर आणखी कौतुक. गप्प राहिलो तरी कौतुक. हा काय प्रकार आहे!

शनिवार, १२ मे

ऑर्व्हिल घरी आला म्हणे. व्हर्ना आता सरळच बोलते: "बाबांना नाही पटलं, राहू दे. ज्याचा डोळा गेला त्याला सांग. एकट्याला गाठ, आणि पटेपर्यंत उठू नकोस." बरोबर आहे तिचं. ती पिन घेऊन जाईन. ती नवी बारीक पिन मी फायनलच्या दोन दिवस आधीच करून ठेवली होती, माझ्याच खणात पडलीय, भोक बुजवून बसवायची तेवढी राहिली. ती बघून कुणालाही कळेल. ऑर्व्हिलला तर कळेलच.

तो काय म्हणेल ते म्हणो. थोबाडीत मारो, कोर्टात नेवो. बाबांचं नाव धुवून निघेल. उद्या चर्च सुटलं की त्याच्या घरी.

रविवार, १३ मे

ऑर्व्हिल चर्चलाच आला. डोळ्यावर काळी पट्टी. प्रार्थना संपल्यावर सगळ्यांसमोर चालत माझ्यापाशी आला, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "तीन मुली दिल्या देवाने, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण मुलगा असता तर तुझ्यासारखा मागितला असता." बाबा शेजारीच होते, त्यांची मान कितीतरी दिवसांनी ताठ. व्हर्ना दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. पिन खिशातच होती. मी म्हटलं, "थँक्यू, ऑर्व्हिल."

आणि खरं सांगायचं तर — मला बरं वाटलं.