धरलेली गाडी

आंबेपाडा, ता. मोखाडा
२८ नोव्हेंबर २०२३

ती. सुदर्शनदादास,
शि. सा. न. वि. वि.

फोन केला नाही म्हणून रागावू नकोस. रेंजसाठी माळावर चढावे लागते, आणि माळावर उभे राहून नीट भांडता येत नाही. हे पत्र जव्हारच्या एसटीच्या कंडक्टरकडे देते आहे.

सोबत एक कागद आहे. पहिलीच्या तपासणीत मुलांना चित्र रंगवायचे होते : रेल्वेचे फाटक आणि गाडी. माझ्या वर्गात अकरा मुले. गाडी एकानेही पाहिलेली नाही. या डोंगरावर रूळ कुठून येणार. तरी दहा जणांनी काहीतरी फासले. चैतीने झाड, रस्ता, बैलगाडी, झेंडेवाला माणूस, फाटकाचे लाल-पांढरे पट्टे, सगळे रेषेच्या आत रंगवले आणि रेल्वेगाडी कोरी ठेवली. तपासणीच्या साहेबांनी ‘आकलन नाही’ असा शेरा मारला. पोरीला पुन्हा अंगणवाडीत बसवा म्हणाले.

तिचा बाप देवजी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातो. मी तीन खेपा घातल्या तेव्हा कुठे तो यंदा चैतीला आजीपाशी ठेवायला कबूल झाला, शाळेसाठी. अंगणवाडीसाठी ठेवणार नाही, असे त्याने सरळ सांगितले. तेरा डिसेंबरला ट्रक येणार. तोवर शेरा बदलला नाही तर पोरगी भट्टीवर जाईल.

गाडी का सोडलीस विचारले तर चैती म्हणते, गाडी धरली आहे. त्यापुढे एक शब्द नाही. तू बारा वर्षे गेटमन आहेस. चित्र बघ आणि काय ते कळव. जव्हारला आई बरी आहे. तुझ्या सदऱ्याला बटणे लावून ठेवली आहेत, न्यायला कधी येतोस म्हणते.

भांडणासकट लोभ ठेव.
तुझी,
हर्षदा


रेल्वे फाटक, डहाणूजवळ
१ डिसेंबर २०२३

चि. हर्षदास,
अ. उ. आ.

भांडायला माळ चालत नाही हे नवीन कळले. लहानपणी तुला कुठलीही जागा चालायची.

चित्र पाहिले, सोबत परत पाठवतो आहे. दुसऱ्या पाळीचे गेटमन कांतीलालभाऊ आले, त्यांनाही दाखवले. ते आधी हसले, मग चिडले. चित्रकाराने दांडा रस्त्यावर न टाकता रुळांवर टाकला आहे. बैलगाडी मजेत चालली आहे आणि रेल्वे दांड्यामागे उभी. असे फाटक मी लावले तर त्याच दिवशी कायमचा घरी येईन, बटणे तेव्हाच बघू. इथे रोज मोटारसायकली दांड्याखालून घुसतात आणि वर मलाच शिव्या देतात. फाटक कुणासाठी असते हे सांगून माझा घसा बसला. आता पहिलीपासूनच उलटे शिकवा.

पोरीने बरोबर पाहिले आहे. गाडी अडवलेलीच आहे. पण मग रंग का दिला नाही, ते मला सांगता येणार नाही. तिला विचार. बाईंच्या आवाजात विचारू नकोस.

आईला नमस्कार. तुला आशीर्वाद आहेतच.
सुदर्शन


आंबेपाडा
५ डिसेंबर २०२३

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र घेऊन साहेबांकडे गेले. ते म्हणाले, चित्र वरून छापून आले आहे, तुमच्याच शाळेत ते कसे चुकते. मग त्यांनी माझा जुलैचा तक्ता उघडला. चैतीच्या नावापुढे माझ्या अक्षरात ‘प्रतिसाद देत नाही’. जुलैत ती माझी मराठी ऐकून घेत होती, मी तिची भाषा ऐकत नव्हते. रकाना भरायचा होता, भरला. साहेब शांतपणे म्हणाले की आम्ही तुमचेच निरीक्षण मान्य केले. चित्र एकदा पुन्हा पाहा, एवढेच मी मागितले. सोमवारी, अकराला, ते चित्र पुन्हा पाहणार आहेत, तेवढी मुदत मिळाली.

काल चैतीच्या आजीपाशी नागली निवडत बसले. तेव्हा चैती बोलली. तिला माहीत असलेला दांडा म्हणजे जंगलखात्याचा नाका. तिथे धरलेल्या लाकडाला शिक्क्याचा कागद येईपर्यंत हात लावायचा नाही, असे घरात तिला बजावलेले आहे. गाडी धरली, तर तिला रंग कसा लावायचा. हे ती मला इतक्या समजुतीने सांगत होती की जणू मीच पहिलीत आहे.

मी रेल्वे समजावली, पुस्तकातली चित्रे दाखवली. तिने ऐकले. खडू उचलला नाही. मग मी ओरडले आणि ती आजीच्या मागे गेली. माझेच मला वाईट वाटले, पण दिवस थोडे आहेत.

तू रेल्वेचा माणूस आहेस. गाडी सोडल्याचा कागद लिहून दे. हसू नकोस.

आहे ती माया पातळ होऊ देऊ नकोस.
हर्षदा


रेल्वे फाटक
८ डिसेंबर २०२३

चि. हर्षदास,
अ. उ. आ.

हसलो नाही. कागद सोबत आहे. त्यात लिहिले आहे की गाडी तपासली, काही सापडले नाही, दांडा उचलला, गाडी सोडली आहे, आता कुणीही हात लावावा. खाली माझी सही. शिक्का माझ्याकडे नसतो. असता तरी यावर मारला नसता.

पोरीवर पुन्हा ओरडू नकोस.
सुदर्शन


आंबेपाडा
१४ डिसेंबर २०२३

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

चैतीने तुझा कागद उलटापालटा करून पाहिला आणि शिक्का कुठे विचारले. शाळेचा गोल शिक्का माझ्याच कपाटात असतो. मारला. मग तिने एका बैठकीत गाडी रंगवली, चाकांसकट हिरवी.

सोमवारी साहेबांनी पूर्ण गुण दिले. शेरा ‘सुधारणा आहे’. दांडा रुळांवरच होता. तो त्यांना दिसला नाही आणि मीही बोट ठेवले नाही. बोट ठेवले असते तर हा चांगला शेराही गेला असता. खाली मी सही केली. जुलैचा रकाना बदलता येत नाही म्हणाले. चैती पहिलीत राहिली.

काल ट्रक आला. देवजी बायकोला घेऊन गेला, चैती आजीपाशी आहे. निघण्याआधी तो शाळेच्या दारात येऊन उभा राहिला. लेकीने त्याला तो कागद दाखवला होता. घराचे चार वासे गेल्या उन्हाळ्यापासून नाक्यावर पडून आहेत, बाईंच्या शिक्क्याने तेही सुटतील का, असे त्याने विचारले. तो चेष्टा करत नव्हता. मी नाही म्हटले. तो बरं म्हणाला आणि ट्रकमध्ये चढला.

तुझा लोभ असाच राहू दे.
हर्षदा