चौकटीवरची दोन भोकं

मयूर विहार, दिल्ली
शुक्रवार, ११ ऑक्टोबर २०१३

प्रिय अरुणा,

पत्र फाडू नकोस. फाडायचंच असेल तर शेवटपर्यंत वाचून फाड. मी माझी बाजू मांडायला बसलेली नाही. सोळा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आता माझा फोन तू उचलत नाहीस, यात चूक काही नाही. बुधवारी तुझं कुरियर मिळालं. त्याबद्दल शेवटी लिहिते. मला क्रमानेच लिहिता येतं. सव्वीस वर्षं पहाडगंजच्या शाळेत गणित शिकवलं, मधली पायरी गाळली की गुण कापले. आज तीच सवय आड येते आहे, कारण मधल्या पायऱ्याच सगळ्यात वाईट आहेत.

आर. के. पुरमचं क्वार्टर तुला आठवत असेलच. दुसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताला. पप्पांना ते मिळालं तेव्हा तू दोन वर्षांची होतीस. सामान खाली ट्रकमध्येच होतं आणि पप्पांनी पहिलं काम केलं ते उजव्या चौकटीवर मेझुझा, ज्यू घराची खूण, लावण्याचं. पितळेची, बोटभर लांबीची, आत प्रार्थनेचा गुंडाळलेला कागद. ती अलिबागहून त्यांच्या आजोबांच्या दारावरून आली होती. दर काही वर्षांनी सरकारी रंगारी यायचे आणि मेझुझासकट चौकट रंगवून जायचे. मग पप्पा ब्लेडने रंग खरवडत बसायचे. तरी एका टोकाला क्रीम रंगाचा थेंब राहिलाच. शेजारच्या खोसलांची मुलं ती घंटी समजून दाबायची आणि दार उघडत नाही म्हणून रडायची. तुझा हात पोचत नव्हता तेव्हा पप्पा तुला उचलून घ्यायचे. तू तिला बोटं लावून त्या बोटांचा मुका घ्यायचीस आणि मगच घरात शिरायचीस. मी आतून ओरडायची, चपला बाहेर काढा आधी.

शुक्रवारी संध्याकाळी तेलाचा दिवा लागला, किसमिसच्या सरबताचा प्याला झाला, की पप्पा तुझ्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून आशीर्वाद द्यायचे. तू एक डोळा उघडा ठेवायचीस आणि मी त्याबद्दल तुला रागवायची. आशीर्वाद हे त्यांचं खातं, शिस्त हे माझं. असंच वाटून घेतलं होतं आम्ही, न बोलता. काल मी आठवून पाहिलं. तुझ्या डोक्यावर मी हात ठेवला तो फक्त तेल चोळायला, नाहीतर ताप बघायला.

रविवारी हुमायूं रोडला सिनेगॉगच्या बाजूच्या खोलीत मी तुम्हा मुलांना आपला धर्मग्रंथ, तोरा, शिकवायची. सात मुलं आणि माझी फूटपट्टी. त्यातला एक रविवार सांगते. तू नऊ वर्षांची होतीस. याकोब बायकामुलांना घेऊन सासऱ्याच्या घरून निघतो, आणि त्याची बायको राहेल निघताना बापाचे घरातले देव उचलून नेते. बाप पाठलाग करत येतो आणि चोरीचा आळ घेतो. याकोबाला काही माहीत नसतं. तो ताठ मानेने सांगतो की ज्याच्याजवळ ते सापडतील तो जगणार नाही. देव असतात राहेलच्या उंटाच्या खोगिरात, आणि ती वर बसलेली असते. पुढे वाटेतच ती बाळंतपणात जाते. मी विचारलं, याकोबाचं चुकलं कुठे? मग मीच सांगितलं, आधी तंबू तपासायचे, मग तोंड उघडायचं. शोधल्याशिवाय शाप द्यायचा नाही, कारण परक्यावर सोडलेला शाप घरातल्याच माणसावर पडतो. तू हात वर केलास. म्हणालीस, “पण आई, चोर कोण ते देवाला माहीत होतं ना? मग त्याने ऐकलं कशाला?” मी फूटपट्टी टेबलावर आपटली आणि म्हटलं, विषयाला धरून विचार. अरुणा, तू विषयालाच धरून विचारलं होतंस. मला उत्तर येत नव्हतं. अजून येत नाही.

आता मार्च सत्त्याण्णव. पप्पा रिटायर झाले होते आणि क्वार्टर सोडायचं होतं. सामान हलवायच्या आठवडाभर आधी तू विलासबद्दल सांगितलंस. मुलगा मराठी, शिकलेला, सभ्य, एवढंच की आपल्यातला नाही. पप्पांनी चष्मा काढून पुसला. मी तुला म्हटलं, “कर लग्न. पण तुझ्या दारावर कधी मेझुझा लागणार नाही, हे लक्षात ठेव.” मला वाटलं मी वस्तुस्थिती सांगते आहे. तू काही बोलली नाहीस. माझ्यासमोर उत्तर द्यायची सवय मीच मोडून ठेवली होती.

क्वार्टर सोडायच्या दिवशी सकाळी सरकारी माणूस पंखे आणि ट्यूबलाइट मोजायला आला. सिनेगॉगमधले उल्हासकाका मदतीला आले होते. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन दाराशी गेले, तर चौकटीवर फक्त दोन भोकं, आणि मधे जुन्या रंगाचा बोटभर पट्टा. मी रंगाऱ्यावर घसरले, भंगारवाल्यावर घसरले, खोसलांच्या मोलकरणीवर घसरले. जिन्यात माणसं जमली. आणि तिथे उभी राहून, बी.एस्सी. झालेली बाई, अंगारे-धुपाऱ्यांची टिंगल करणारी मी, मोठ्याने म्हणाले की ज्या कुणी ही काढली त्याच्या घरी पाळणा हलू नये. एकदा नाही म्हटलं. सरकारी माणसाला मराठी कळेना, म्हणून त्याच्यासाठी हिंदीतही म्हटलं. तू पाण्याची बाटली घेऊन दारात उभी होतीस. पप्पा वळकटी बांधत होते. उल्हासकाका तेवढे म्हणाले, “ताई, असं बोलू नये, शब्द परत घ्या.” मी म्हटलं, चोराला काय ओवाळू? तू बाटली खाली ठेवलीस आणि बाथरूममध्ये गेलीस. नळ बराच वेळ चालू होता. मी बाहेरून ओरडले की पाण्याचं मीटर बघायला माणूस आलाय, नळ बंद कर.

तोरात लिहिलंय, अर्धे लोक एका डोंगरावर, अर्धे समोरच्या डोंगरावर, आणि शापाचं एकेक वाक्य उच्चारलं की सगळ्यांनी आमेन म्हणायचं. त्या दिवशी तू आणि पप्पा, दोघंही गप्प राहिलात. ते गप्प राहणं मी आमेन समजले.

दोन आठवड्यांनी तू गेलीस. रजिस्टर लग्नाला मी आले नाही, पप्पांनाही येऊ दिलं नाही. ‘दिलं नाही’ असंच लिहायला हवं. आपल्या घरात पप्पांनाही माझी भीती वाटायची, हे मला बुधवारी कळलं.

दोन हजार चार साली त्यांना झटका आला. वाचा गेली, डावी बाजू गेली. उजवा हात तेवढा चालत होता. शेवटचे नऊ दिवस ते त्या हाताने दाराकडे दाखवायचे. पलंगावरून या घराची चौकट दिसते, आणि तिच्यावर मी लावलेली नवी मेझुझा. ते दाखवायचे, माझ्याकडे बघायचे, पुन्हा दाखवायचे. मला वाटलं वारा लागतोय. मी दार लावून घेतलं आणि खालच्या फटीत जुनी चादर सारली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी म्हटलं, बघा, आता बरं वाटलं ना. दफनाच्या दिवशी तू फाटकाजवळ उभी होतीस, निळ्या सलवार कमीजमध्ये. मी तुला पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. हे तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण मी ते जाणूनबुजून केलं होतं.

शापांचा मोठा अध्याय वर्षातून एकदा सिनेगॉगमध्ये वाचतात. त्या वाचनासाठी कुणालाच आपलं नाव पुकारलेलं नको असतं. म्हणून उल्हासकाका दर वर्षी ते स्वतःवर घ्यायचे आणि हलक्या आवाजात भरभर वाचून संपवायचे. मी मागच्या बाकावरून वैतागायची, पुटपुटता काय, स्पष्ट वाचा. काल मी तो अध्याय एकटीने, मोठ्याने, स्पष्ट वाचला. त्यात आहे की तुझी मुलं दुसऱ्यांची होतील, तू दिवसभर त्यांच्या वाटेकडे बघत राहशील, आणि तुझ्या हातात काही उरणार नाही. त्यात आहे की सकाळी वाटेल संध्याकाळ व्हावी आणि संध्याकाळी वाटेल सकाळ व्हावी. इथे बाल्कनीतून मेट्रो दिसते. ती कुठे जाते आणि कुठे बदलून तुझ्या गुडगावला पोचता येतं, ते मला पाठ आहे. गेली कितीतरी वर्षं माझ्या सकाळ-संध्याकाळी अशाच गेल्या आहेत. तेव्हा कुणाचा शाप कुणाला लागला, याचा हिशेब मला सुटत नाही.

शाप परत घेतल्याचं एकतरी उदाहरण सापडावं म्हणून मी काल दिवसभर तोरात शोधलं. सापडलं नाही. इसहाकाने चुकीच्या मुलाला आशीर्वाद दिला, तोसुद्धा त्याला परत घेता आला नाही. थोरला मुलगा ओरडून रडला, बाबा, तुमच्याजवळ एकच आशीर्वाद होता का, आणि म्हातारा नुसता थरथरत राहिला. बलाम आपल्या लोकांना शाप द्यायला आला आणि त्याच्या तोंडून आशीर्वाद निघाले, पण ते देवाने केलं. माझ्या बाबतीत देवाने तसं काही केलं नाही, माझ्या तोंडून मला हवं तेच निघू दिलं. एक इसहाकाची बायको रिबका तेवढी सापडली. मुलगा घाबरतो की बाप शाप देईल, तेव्हा ती म्हणते, तो शाप माझ्यावर येऊ दे. हे मला म्हणता येईल. म्हणते. पण अडुसष्टाव्या वर्षी, या दोन खोल्यांत, शापाने माझ्याकडून न्यावं असं काय उरलंय? देताना भरलेल्या घराला दिला आणि घेताना रिकाम्या हाताने घेते आहे.

आता बुधवार. लहानसा खोका, त्यात पप्पांचा चौकड्यांचा रुमाल, रुमालात मेझुझा, टोकाला क्रीम रंगाचा थेंब. वर तुझ्या अक्षरात दोन वाक्यं: “तुझी वस्तू परत केली आहे. आता तरी सोड.” आणि विलासची वेगळी चिठ्ठी, जी बहुधा तुला न सांगता त्याने आत घातली. त्यावरून कळलं की मेझुझा तू काढलीच नव्हतीस. आदल्या संध्याकाळी मी खोसलांकडे निरोप घ्यायला गेले होते, तेव्हा पप्पांनी स्वतः स्क्रू काढले, रुमालात बांधून तुला दिली, आणि तुझ्या डोक्यावर हात ठेवून शुक्रवार नसताना आशीर्वाद दिला. मला सावकाश सांगू, म्हणाले. ते त्यांना सात वर्षांत जमलं नाही. त्या चिठ्ठीवरून हेही कळलं की तुझी तीन मुलं पोटातच गेली, आणि दर वेळी तू विलासला म्हणालीस, आईने सांगितलं होतं. आणि आता एक्केचाळिसाव्या वर्षी तुला पाचवा महिना आहे, डॉक्टरांनी पलंगावरून उठायला मना केलंय, आणि तू पडल्या पडल्या त्याला दारावरची मेझुझा काढायला लावलीस. माझा शब्द माझ्या घरी पोचवलास, म्हणजे तो तुझ्या घरी राहू नये. अरुणा, शब्दांनी मूल मरतं यावर माझा विश्वास नाही. तुझा आहे. तो तुला मीच शिकवला, फूटपट्टी घेऊन. म्हणून हे पत्र. मेझुझा त्याच रुमालात, त्याच दोन स्क्रूंसकट सोबत आहे. ती चोरीची नव्हती, तुझ्या बापाची भेट होती. विलासला सांग, उजव्या चौकटीवर, खांद्याच्या उंचीला, वरचं टोक घराकडे कललेलं. जुनी भोकं बुजवली असतील तर नवी पाडू दे. शापावर वाचन कधी थांबवायचं नाही, पुढच्या चांगल्या ओळीपर्यंत जायचं आणि मगच तोराची गुंडाळी बंद करायची, असा आपल्याकडे नियम आहे. मी सोळा वर्षं त्याच ओळीवर थांबले. पुढची ओळ पप्पांची आहे, मी ती पहिल्यांदाच घेते आहे, आणि डोक्यावर ठेवायला हात पोचत नाही म्हणून लिहून देते: देव तुला सारा, रिबका, राहेल आणि लेआ यांच्यासारखं करो. राहेलपाशी पेन थांबलं होतं. ते नाव गाळावंसं वाटलं. पण पप्पांनी ते दर शुक्रवारी घेतलं होतं, मी गाळणारी कोण? दुपारी मेट्रोने येऊन हे तुमच्या गेटवरच्या गार्डकडे देईन. वर येणार नाही. याला आमेन म्हणायचं की नाही ते तू ठरव. ते ऐकायला मी खाली थांबणार नाही, दिवा लावायच्या आत मला घरी पोचायचं आहे.

तुझीच,
आई