आंब्यावरचं ऑर्किड

वहिनी,

मी पहिल्या एष्टीनं कोंढ्याले मावशीकडे चालली. दूध तापवून झाकून ठेवलं आहे. दादाले मले घ्यायले धाडू नोका.

काल तुम्ही आंब्यावरचं माझं ऑर्किड बांडगूळ म्हणून उपटलं अन् खताच्या खड्ड्यात फेकलं. "दुसऱ्याच्या जिवावर जगते," असं म्हणताना तुमची नजर झाडाकडे नव्हती, माझ्याकडे होती. सासर सोडून आल्यापासून मले एवढं तर समजते.

बांडगूळ झाडाच्या आत मुळं घालून रस पिते, वहिनी. ऑर्किड फक्त सालीले धरून राहते, हवेतल्या ओलीवर जगते.

ओसरीत नारळाच्या सोडणात लावलेली सीतेची वेणी तुमच्याजवळ ठेवून जाते. तेही ऑर्किडच आहे. त्यात माती टाकू नोका, नाहीतर मुळं सडतीन. रोज सकाळी नुसतं पाणी शिंपडजा. कळ्या धरल्या आहेत. फुलली की तुम्हीच माळजा, तुमच्या केसांत शोभून दिसन.

फेकलेलं मी धुऊन संगं घेतलं. ते जिथं होतं, तिथं आंब्याच्या सालीवर एकदा हात फिरवून पाहजा. एक छेदही सापडणार नाही.

रंभा