दोरा बांधलेल्या सुऱ्या

लिहून ठेवणार मी, गल्ली जिला धारवाली म्हणते ती, वय सत्त्याहत्तर किंवा त्याच्या आसपास, धंदा सुऱ्या-कात्र्यांना धार लावणे. मला अक्षर येत नाही. मी सांगते, लेखनिक लिहितो. कोणाचं दडपण नाही. बुद्धी ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला ते लागत नाहीत म्हणे. याआधी मृत्युपत्र केलं नाही, कारण ज्यांना द्यायचं तीच माणसं आधी गेली.

एक. सदर घर, म्हणजे पुढची कामाची खोली, मागची खोली आणि जिना, धाकट्या सुनेला तहहयात. एकवीस वर्षं माझ्याशी भांडली, पण सोडून गेली नाही. तिच्या पश्चात घर नातवाचं. मात्र कलम चार ऐकल्याशिवाय त्याने हुरळून जाऊ नये.

दोन. धारेचं चाक, दगड आणि पट्टा सुनेलाच. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. हे मी जिवंतपणी कबूल करणार नाही.

तीन. चौकातल्या वक्त्याला माझ्या अंत्ययात्रेत बोलू देऊ नये. युद्धात माझा थोरला नाक्यावर पलीकडच्या फौजेची गोळी लागून गेला. तेव्हा पलीकडचे म्हणायचे, "हे डोंगराकडचे, सूड यांच्या रक्तातच." आणि आमचाच हा वक्ता माइकवरून ओरडायचा, "आम्ही विसरत नाही!" त्यांनी दिलेली शिवी याने दागिन्यासारखी मिरवली, आणि आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याचा स्वतःचा मुलगा तेव्हा परदेशात शिकत होता.

थोरल्याला जाऊन नऊ दिवस झाले आणि पलीकडचा एक अधिकारी आमच्या जुन्या भाड्याच्या खोलीवर आला. फळीवर गिऱ्हाइकांच्या चाळीस सुऱ्या. मला नाव लिहिता येत नाही म्हणून प्रत्येकीला दोरा: खाटकाचा लाल, खानावळीचा हिरवा, न्हाव्याच्या वस्तऱ्याला दोन गाठी. याने कुठेसं ऐकलेलं, की आमच्यात मारायच्या माणसागणिक दोरा बांधतात. असला दोरा मी जन्मात पाहिला नाही. धाकट्याला म्हणाला, "भावासाठी एवढे ठरवलेत?" धाकट्याला हसू आलं. "अहो साहेब, ही कांदे कापायची आहे!" त्याला घेऊन गेले. तो परत आला नाही. जो सूड कोणी घेतलाच नव्हता, त्याची शिक्षा आधीच देऊन टाकली. आता सांगा, काय कोणाच्या रक्तात होतं?

लेखनिक म्हणतो, "आजी, हे मृत्युपत्रात बसत नाही." बसत नसेल तर थोडं सरकव, पण लिही.

चार. नातवाविषयी. तो अधिकारी आता म्हातारा होऊन याच शहरात, पाण्याच्या टाकीमागे राहतो, हे नातवाला गेल्या महिन्यात कळलं. मला म्हणाला, "आजी, आपल्या रक्तातच आहे ते." मी म्हटलं, "तुझ्या रक्तात साखर आहे, डॉक्टरांनी कागदावर दिलंय. बाकीचं वक्त्याने भरलं." तेव्हापासून बोलत नाही. टाकीमागे चकरा मारतो. जेवायला तेवढा दोन वाजता येतो.

तो म्हातारा तीन वर्षांपूर्वी झाडं छाटायची कात्री घेऊन माझ्याकडे आला होता. मी ओळखलं, त्याने नाही. मी कात्रीला पिवळा दोरा बांधला. म्हणाला, "हा कशाला?" म्हटलं, "आम्ही विसरतो हो साहेब. कोणाची कुठली, ते दोऱ्यावरून कळतं." त्याने फळीकडे पाहिलं, एकेका दोऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तोंडाचं पाणी पळालं. कात्री टाकून गेला तो आजतागायत आलेला नाही. मला फार थोर समजू नका. चार दिवस मला कडकडून भूक लागत होती. पाचव्या दिवशी उठले, तर धाकटा होता तसाच मेलेला.

सदर कात्री फळीवर आहे. दर सहा महिन्यांनी मी धार ताजी करते. माझ्या पश्चात नातवाने ती स्वतः नेऊन द्यावी आणि दारात बापाचं नाव मोठ्याने सांगावं. माफ करायची सक्ती नाही. मीही केलेलं नाही. सून म्हणाली, "सासूबाई, धारेची कात्री हातात देऊन त्याला तिकडे पाठवता?" म्हटलं, "त्याच्या बापाला रिकाम्या हातानिशी नेलं. याच्या हातात असू दे, मग बघू कोणाचं खरं." मला भीती वाटते. तेही लिही.

नेली नाही, किंवा नेऊन भलतंच केलं, तर सुनेच्या पश्चात हे घर वक्त्याला द्यावं, बक्षीस म्हणून. मग त्याचंच खरं ठरलं.

आणि देताना मूठ त्याच्याकडे, पातं आपल्याकडे. गिऱ्हाईक कोणीही असो, धारवाले असंच देतात.

मजकूर मला दोनदा वाचून दाखवला. बरोबर आहे.

धारवालीचा डावा अंगठा.

साक्षीदार: समोरचा खाटीक (सही). कोपऱ्यावरचा न्हावी (सही, मधे दोनदा बाहेर जाऊन आला).

ठिकाण: घराची पुढची खोली. मंगळवार, सतरा तारीख, दुपारचे चार. नातू अजून जेवायला आलेला नाही.