केशर कुणाचं ऐकते

कुंभारवाडा, ता. जोयडा
८ मार्च २०२५

चि. सौ. रक्षा हिस अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र पोचले. येथे फोनला रेंज फक्त घोडीच्या आवारात मिळते आणि तेथे उभे राहून नाजूक विषय बोलवत नाहीत, म्हणून लिहितो. केशरला कुणाला तरी देऊन टाका, मगच तुळजाला मेच्या सुटीत पाठवीन, ही तुझी अट वाचली. दिवाळीत केशरने तुळजाच्या टाचा धरून तिला कुंपणाशी कोंडले आणि चंद्रा घोडीची लाथ नातीच्या अगदी जवळून गेली, हे मी विसरलेलो नाही. परंतु केशर मेंढ्या वळणाऱ्या कुळातली कुत्री आहे. पळणारे काही दिसले की त्याला घेरणे हा तिचा स्वभाव, दुष्टपणा नव्हे. स्वभाव मोडता येत नाही, त्याला शिस्त लावता येते. ती मी लावीन. तुझ्या आईने हल्याळकडच्या मेंढपाळाकडून हौसेने आणलेले जनावर, तिच्या माघारी मी परक्या दारी बांधणार नाही.

लोभ आहेच, त्यातला थोडा केशरकडे वळवावा.

तुझा,
बाबा

धारवाड
१६ मार्च

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

केशर मलाही आईमुळेच प्रिय आहे. पण तुळजा चार वर्षांची, तिला चालणं ठाऊकच नाही, नुसतं पळणं. सासूबाई म्हणतात, कुत्रं घोडीला वळवील, घोडी पोरीला तुडवील, आणि तुझे बाबा शुद्ध मराठीत खेद व्यक्त करतील. एप्रिलअखेर सुधारणा दिसली नाही तर केशरला दिग्गीला नागूमामाकडे पाठवाच. पेज जमते का तुम्हाला? उपाशी राहू नका.

माया तुमच्यावर पूर्ण, केशरवरची राखून ठेवली आहे.

तुमची,
रक्षा

कुंभारवाडा
३० मार्च

चि. सौ. रक्षा हिस आशीर्वाद. वि. वि.

प्रगती उत्तम आहे. आरंभी केशरला दोरीवर, चंद्रापासून बरीच दूर बसवत असे. घोडी हलली तरी ही बसून राहिली की भाकरीचा तुकडा. मग अंतर कमी करत आणले. आता घोडी दुडक्या चालीने गेली तरी केशर पंजांवर हनुवटी टेकून स्वस्थ असते. सायंकाळी म्हशी गोठ्यात आणण्याचे काम तिला दिले आहे. पोटभर काम केलेला जीव घरात उचापती करत नाही.

एकच कोडे उरते. तुझा फोन आला की सारे बिघडते. काल तू बोलत होतीस, मी ऐकत होतो, आणि ही बाणासारखी सुटून चंद्राच्या मागच्या पायांशी! तुझ्या आवाजाचे तिला वावडे असावे.

पेज जमते. मीठ रोज चुकते.

तुझा,
बाबा

धारवाड
४ एप्रिल

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

कोडं सुटलं, आणि सोडवलं सासूबाईंनी! परवा फोन स्पीकरवर होता. त्यांनी विचारलं, तुझे बाबा सारखे कुणाला 'होग, होग' म्हणून हाकलतात? मी म्हटलं, हाकलत नाहीत हो, माझ्या बोलण्याला 'हो गं, हो गं' म्हणतात. आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. बाबा, केशर कानडी मेंढपाळाची! 'होग' म्हणजे जा. तुम्ही मला होकार देता आणि तिला हुकूम. दिवाळीतही मी औषधांवरून तुमच्या मागे लागले होते आणि तुम्ही 'हो गं, हो गं' करत होतात. आई 'व्हय' म्हणायची, म्हणून तिच्या बोलण्यावर केशर कधी सुटली नाही. आणि तुम्ही जन्मभर आईला 'हो' म्हणायला शिकवत होतात!

आता केशरवरही माया, अर्धीमुर्धी.

तुमची,
रक्षा

कुंभारवाडा
११ एप्रिल

चि. सौ. रक्षा हिस आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग. खेद नव्हे, आभार व्यक्त करतो, शुद्ध मराठीत.

पडताळा घेतला. चंद्राला कुंपणाआड बांधले आणि फोन खिशात ठेवून आवारात 'हो गं' म्हणालो. केशर सुटली. परत बोलावून पुन्हा म्हणालो, पुन्हा सुटली. मग 'व्हय' म्हणालो. जिभेला सवय नाही, तेव्हा दबकतच. केशर जागची हलली नाही. केवळ मान वर करून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत राहिली. मीही पाहिले.

'होग' आता फक्त म्हशींसाठी राखला आहे. तथापि तुळजा येथे असेल तोवर केशर दोरीवरच राहील आणि घोडीच्या आवारात दोघींना एकत्र सोडणार नाही. शब्द आवरला तरी स्वभाव उरतोच.

तू फोन करून विचारशील, पाठवू का म्हणून. तेव्हा केशर जवळच असेल. उत्तर आताच लिहून ठेवतो: व्हय गं, व्हय.

लोभ आम्हा तिघांवर असू द्यावा.

तुझा,
बाबा