खालचा सूर

श्री. सादाओ काजिवारा यांस, ताजिमीहून कुनिहिको निशिओचा मनापासून नमस्कार.

पत्राच्या सुरुवातीला ऋतूबद्दल दोन शब्द लिहावे लागतात. आमच्या घरासमोरच्या प्लमला एव्हाना बहर आला असता, पण शेजाऱ्यांना दुसरी गाडी लावायला जागा हवी होती म्हणून त्यांनी झाडच तोडलं. तेव्हा ऋतूचं झालं. आपली प्रकृती कशी आहे? तिकडे कुशिरोला अजून बर्फ असेल. गुडघे काय म्हणतात? माझा उजवा ठीक आहे, डाव्याचं न विचारलेलं बरं. बायको फुमिए (आपण तिला पाहिलेलं नाही) अगदी मजेत आहे, कारण गेला महिनाभर ती मला हसते आहे. का, ते पुढे येईलच.

आपलं नववर्षाचं कार्ड मिळालं. यंदाचं वर्ष सापाचं, त्याचं चित्र सुबक होतं. दरवर्षीप्रमाणे सगळा मजकूर छापील होता, फक्त यंदा तळाशी एक जादा ओळ होती, तीही छापील: वय झाल्यामुळे पुढल्या वर्षापासून कार्डं पाठवणं सर्वांनाच बंद करत आहे, कृपया राग मानू नये. हल्ली सगळेच ही ओळ छापतात. माझ्या दंतवैद्यानेही छापली, आणि तो एक्कावन्न वर्षांचा धडधाकट माणूस आहे. मला राग मुळीच आला नाही. तीन दिवस मी घरात कोणाशी बोललो नाही ते दातामुळे असेल. एकोणपन्नास वर्षांत आपली एकोणपन्नास कार्डं आली आणि एकावरही हाताने लिहिलेलं अक्षर नाही. (माझ्याही कार्डांवर नव्हतं, हे कबूल.) ती सगळी मी बिस्किटांच्या डब्यात ठेवली आहेत. डब्यात आणखी बरीच जागा आहे, एवढंच सांगायचं होतं.

आणि आता हे 'आपण' पुरे. नागोयाच्या त्या जेमतेम साडेचार चटया मावणाऱ्या खोलीत ज्याचे पाय रोज पहाटे माझ्या बरगडीत रुतायचे, त्याला मी 'आपण' म्हणतोय हे पाहून माझं मलाच हसू येतंय. तर सादाओ, गड्या, ऐक. आमच्या चिहारूचं लग्न ठरलं. सदतीस वर्षांची आहे, आम्ही आशा सोडून दिली होती आणि तिनं आमची. दोन्ही घरच्यांच्या पहिल्या जेवणाला मुलाचे वडील, ओनुकी म्हणून चष्म्यांचे दुकानदार, समोर बसले होते. भला माणूस, पण जेवताना कोणी बोलेना. माशाचे काटे काढल्याचा आवाज ऐकू येत होता. शेवटी फुमिएने सांगून टाकलं की आमचे हे तरुणपणी लोकगीतं गायचे, दोघांची जोडी होती, 'दोन छत्र्या' नावाची. झालं. ओनुकींनी जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या. ते निघाले मागारांचे कट्टर भक्त. आपले मागारा सेइजो! घरी सगळ्या तबकड्या, तोंडपाठ सगळी गाणी, गिटारही वाजवतात. मग काय, माझ्याही अंगात आलं. मी म्हणालो की एकदा मागारा गात असताना त्यांच्यापासून साठेक मीटरवर मीही गायलो होतो. हे अक्षरशः खरं आहे, तुला पुढे पटेलच. ओनुकींच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ठरून गेलं की स्वागतसमारंभात मी 'संत्र्याची साल' गायचं, साथीला त्यांची गिटार.

गाण्यालाच आधी अडचण आली. लग्नाच्या सभागृहातल्या बाईंनी आम्हाला अशुभ शब्दांची यादी दिली. तुटणं, सुटणं, परत जाणं, संपणं, पुन्हा पुन्हा, यातलं काहीही मंचावर उच्चारायचं नाही. तूच सांग, एवढं वगळल्यावर मागारांचं उरतं काय? त्या माणसाने साठ वर्षांत एक जोडपं नांदू दिलेलं नाही. 'संत्र्याची साल'मध्येही तिसऱ्या कडव्यात तो सकाळच्या गाडीने निघून जातोच. शेवटी ओनुकींनी तोडगा काढला की पहिली दोनच कडवी घ्यायची, म्हणजे ती दोघं खाली शेगडी असलेल्या उबदार टेबलात पाय घालून संत्रं सोलत बसलेली असतानाच टाळ्या होतील. बाईंनी यादीशी ताडून परवानगी दिली.

मग आम्ही दुपारच्या स्वस्त वेळात कराओकेला तालमीला गेलो. ओनुकींनी गिटार छेडली, मी डोळे मिटले आणि जीव ओतून गायलो. डोळे उघडले तर ओनुकी चष्मा पुसत होते. "फारच वेगळं आहे," ते म्हणाले. चष्मेवाला माणूस गिऱ्हाइकाला न शोभणाऱ्या चौकटीबद्दल हेच म्हणत असणार. भिंतीवरच्या पडद्यावर गाण्याची एक रेघ होती आणि माझी एक, आणि माझी सुरुवातीपासून शेवटपर्यंत तिच्याखालून इमानाने चालली होती. कुठेही भेट नाही. यंत्राने शंभरात एकतीस दिले आणि वर सल्ला दिला की मित्रांसोबत गाऊन पाहा.

सादाओ, मला गाणं येत नाही. मला फक्त खालचा सूर येतो, मूळ चालीच्या खालून साथ देणारा. "वरचं मी, खालचं तू" असं तू पहिल्याच दिवशी ठरवलंस, कारण तुझा आवाज बारीक होता आणि वरचं गाणाऱ्याकडे मुली बघतात असं तुझं म्हणणं होतं. मी पन्नास वर्षं समजत होतो की मला मागारांची चाळीस गाणी येतात. प्रत्यक्षात मला चाळीस गाण्यांचं तळघर येतं. फुमिएला हे कळल्यावर ती सोफ्यावरून घसरली. ती म्हणाली की लग्न झाल्यापासून न्हाणीघरातून जे ऐकू यायचं ते काय होतं, याचा आज उलगडा झाला. तिला ते मंत्र वाटायचे.

तीन आठवडे वरचा सूर शिकतो आहे. पहिली ओळ वर राहते, दुसरीला गळा आपसूक खाली उतरतो, म्हातारं कुत्रं ठरल्या वळणावर घराकडे वळतं तसा. एका रविवारी चिहारू आली. मी स्वयंपाकघरात वरच्या सुरात झगडत होतो, ती दारात उभी राहून ऐकत राहिली आणि म्हणाली, "बाबा, हे माझं गाणं नाही." तुला सांगायचं राहिलंच. ती तान्ही असल्यापासून मी तिला हेच गाऊन निजवलं, अर्थात मला येतं तसं. नऊ वर्षांची असताना गाडीत रेडिओवर मागारांचं खरं गाणं लागलं, तेव्हा ती शांतपणे म्हणाली होती की हा माणूस चुकीचं गातोय. मी तिची चूक सुधारली नाही. रेडिओ बंद केला आणि सबंध वाट मला इतका आनंद झाला होता की मी दोनदा वळण चुकलो.

तर अशी गंमत. खालचं गायलो तर ऐंशी पाहुणे चष्मे पुसतील, वरचं गायलो तर पोरगी रुसेल. होईल काहीतरी. मी हे सगळं काही मागण्यासाठी लिहिलेलं नाही. कार्ड पोचल्याचं कळवावं, इतकाच हेतू. प्रकृतीला जप, बर्फावर जपून चाल.

तुझा (खालचा)
कुनिहिको

ता. क. लग्न मे महिन्यातल्या तिसऱ्या रविवारी सकाळी अकराला आहे. गाणं साधारण बाराला येईल. वरच्या सुराची जागा मोकळी आहे, हे सहज कळवून ठेवतो.

ता. क. २. आपली जोडी जिथे फुटली त्या मैदानावरच्या मैफलीबद्दल. तुला वाटतं की मी शेवयांच्या रांगेत अडकलेला असताना मागारांनी 'संत्र्याची साल' सुरू केलं आणि तू मला हाक मारली नाहीस, म्हणून मी रुसलो. तसं नाही. गाणं मला रांगेतही नीट ऐकू आलं. हजारो लोकांत तुझा बारीक आवाजही ओळखू आला. म्हणून मी तिथूनच, साठ मीटरवरून, खालचा सूर धरला. तू ऐकून मागे वळशील असं वाटलं होतं. वळला तो पुढचा माणूस, आणि म्हणाला की येत नसेल तर गाऊ नये. त्याचा राग मी तुझ्यावर काढला, आणि आपल्या दोघांसाठी घेतलेल्या दोन्ही बशा मीच खाल्ल्या. एकोणपन्नास वर्षं हे लिहायचं होतं, पण कार्डावर जागा पुरत नाही.

ता. क. ३. फुमिएने पत्र वाचलं. ती म्हणते, खोटं लिहू नका. चिहारूने सभागृहात कधीच सांगून टाकलं आहे की बाबा जसं गातात तसंच गातील, कोणाला काय वाटायचं ते वाटो. म्हणजे लग्नाचं तुझ्यावाचून काही अडलेलं नाही. माझंच अडलं आहे.

ता. क. ४. सोबत उत्तराचं कार्ड आहे. त्यावर 'हजर' आणि 'गैरहजर' असे दोन शब्द असतात आणि नको तो पाहुण्याने दोन रेघांनी खोडायचा असतो. तुझे गुडघे लक्षात घेऊन 'गैरहजर' मी इथूनच खोडून पाठवत आहे. खाली एक ओळ कोरी आहे. ती छापील चालणार नाही.