मेणाच्या बाईची ओटी

लंडन (कॅनडातलं)

ती. सौ. वनिताताईस प्रमिलाचा वाकून नमस्कार. (वाकता येत नाही, तेव्हा कागदावरच.) तुझे गुडघे आता बरे असावेत अशी देवाजवळ प्रार्थना. इकडे सर्व क्षेम. घर उबदार आहे, परीक्षित आणि चैत्राली मला जपतात, नात ऊर्मी शाळेतून आली की गळ्यात पडते. मी इथे कायमचं राहावं म्हणून परीक्षितने अर्ज भरून ठेवलाय, फक्त माझी सही राहिली आहे. पेन चालत नाही, असं मी त्याला तीन आठवडे सांगते आहे.

माझं मन रमावं म्हणून त्याने आम्हा सगळ्यांना आयर्लंडला नेलं. तिथे एक किल्ला पाहिला. शंभर वर्षं छप्पर नव्हतं म्हणे, आता पुन्हा बांधून काढलाय, अगदी ताटवाट्यांसकट. (आपल्याकडच्यासारखा डोंगरावर नव्हे, दाराशी गाडी जाते. जिना मात्र गोल, दोरी धरून चढायचा.) वरच्या खोलीत मालकिणीचा मेणाचा पुतळा, हिरव्या रेशमी झग्यात, खिडकीशी बसलेला. गाईड साठीची बाई होती. तिने सांगितलं, ही सोळाव्या वर्षी समुद्रापलीकडून लग्न होऊन आली, चाळीस वर्षं इथे नांदली, पण माहेरी एकदाही जाणं झालं नाही. तिची पत्रं काचेखाली ठेवली आहेत, प्रत्येकाची सुरुवात तीच, इथे सर्व क्षेम. ती अजून या खोलीत वावरते म्हणतात. ऊर्मी घाबरली. मला मात्र त्या बाईची फार दया आली. जाणार कशी ग ती? ओटी भरून तिची माहेरी पाठवणी कुणी केलीच नव्हती.

मंडळी पुढे गेली, मी मागे राहिले. पर्समध्ये औषधं बांधलेला खण होता (तूच दिलेला), हॉटेलात खिचडी करायला नेलेले तांदूळ होते, आणि नारळाऐवजी नाश्त्याचं सफरचंद. कुंकवाची डबी हे गेल्यापासून मी जवळ ठेवत नाही. विधवेने ओटी भरायची नसते, हे मला ठाऊक आहे. पण आयर्लंडात कोण बघतंय? पुतळ्यापुढची दोरी ओलांडून तिच्या मांडीवर सगळं ठेवलं आणि म्हटलं, "सुखरूप जा, बाई."

तर बघणारं यंत्र होतं. असा भोंगा वाजला म्हणतेस! परीक्षित धावत आला. "आई, प्लीज! दिस इज अ म्युझियम, असं टच नाही करायचं!" गाईडने हे काय म्हणून विचारलं, तर ऊर्मीच म्हणाली, "शी इज गोइंग टू हर मॉम्स हाउस. आजी पॅक्ड हर स्टफ." मग उंदीर होतील म्हणून गाईडने तांदळाचा दाणा न् दाणा वेचला आणि सफरचंद ऊर्मीला दिलं. खण मात्र पुतळ्याच्या मांडीवर नीट पसरून ठेवला. मला रडू आलं. जिन्याने दम लागला, असं मी परीक्षितला सांगितलं.

भावोजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी
प्रमिला

ता. क. पेन चालतं. हे पत्र त्यानेच लिहिलंय.

ता. क. गुडघे बरे असले तर परीक्षितला कळू देऊ नकोस. त्याला फोन कर, ऑपरेशन आहे, प्रमिलाला पाठव, म्हण. त्याने माझ्यासाठी काही कमी केलेलं नाही. आई इथे रमली नाही, हे मला त्याच्या तोंडावर सांगवत नाही.

ता. क. मी आले की माझी ओटी भर. लोक म्हणायचं ते म्हणोत, सहा वर्षं माझा पदर रिकामा आहे. नारळ नसला तर सफरचंद चालतं.